पाण्यांत बुडणारें लांकूड

लांकूड म्हटलें कीं तें पाण्यावर तरंगावयाचेंच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु वेस्ट इंडीज बेटांत व मध्य अमेरिकेंत होणारें 'लिग्नम व्हायटी' हें लांकूड पाण्यांत टाकतांच दगडासारखें तळ गांठतें. घनफूटभर पाण्याचें वजन सुमारें ६२ पौंड. तेवढ्याच आकाराचें हें लांकूड पाऊणशें पौंडांहून अधिक भरतें.

या लॅटिन नांवाचा अर्थ 'जीवनकाष्ठ' असा आहे. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं तें युरोपांत नेलें, तें उपदंशावरील रामबाण औषध म्हणून. ती कीर्ति टिकली नाहीं; त्याचा खरा गुण निराळाच निघाला. त्याच्या वजनाचा सुमारें चौथा हिस्सा तेलकट राळेचा असतो. त्यामुळें घर्षण होतांना हें लांकूड स्वतःच वंगण पुरवितें. सुताराचा मुलगा जॉन हॅरिसन यानें सुमारें १७२२ सालीं इंग्लंडांत ब्रॉकल्सबी येथें बसविलेल्या मनोऱ्याच्या घड्याळांत हेंच लांकूड योजिलें. त्या घड्याळास तेल घालावें लागत नाहीं. पुढें आगबोटी आल्या. त्यांच्या पंख्याचा दांडा फिरून पितळी बेअरिंगें लवकर झिजत. १८५४ सालीं जॉन पेन यानें तेथें या लांकडाच्या पट्ट्या बसविण्याची युक्ति काढली. वंगणास समुद्राचें पाणीच पुरेसें झालें.

कारागिराची मात्र हें लांकूड परीक्षा पाहतें. तंतु एकमेकांत गुंतलेले असल्यानें तें सहसा उकलत नाहीं. म्हणून मोगरीस तें उत्तम. परंतु त्याच कारणानें रंधा अडखळतो व त्याचें पातें लवकर बोथटतें. चरकावर तें सुरेख कातलें जातें आणि नुसत्या घासण्यानें त्यास झिलई येते. सांध चिकटवावयाचा असल्यास नुकत्याच रंधलेल्या पृष्ठावरील तेल स्पिरिटनें पुसून लागलीच जोडावा; विलंब केल्यास आंतील तेल पुन्हा वर येतें.

हें झाड अत्यंत सावकाश वाढतें. तोड मात्र बेसुमार झाली. २००३ सालापासून या वंशांतील सर्व झाडांच्या लांकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याच्या बंधनाखालीं आला आहे. माणसास जीवन देईल म्हणून ज्यास हें नांव मिळालें, त्याचेंच जीवन आतां माणसाच्या संयमावर अवलंबून आहे. जुन्या जहाजाच्या मोडींतून याचा एखादा तुकडा सुताराच्या हातीं आला, तर त्यानें तो जळणांत घालूं नये. त्याची मोगरी केली, तर ती त्याच्या नातवासही पुरेल.