शस्त्रावरील सन आणि त्याचे वाचन
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



जुन्या शस्त्रांविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाच्या चालकांची आज्ञा झाली. विषय अफाट आहे. म्हणून त्यातला एकच लहानसा भाग आम्ही आज घेणार आहोत. जुन्या पिस्तुलावर किंवा बंदुकीवर जो आकडा कोरलेला असतो, तो वाचावा कसा आणि त्यावरून त्या शस्त्राचा काळ ठरवावा कसा, एवढाच आजचा प्रश्न आहे.

पाश्चात्त्य देशांत नेमबाजीची जुनी पिस्तुले जमविणारे रसिक पुष्कळ आहेत. त्यांचे काम त्या मानाने सोपे असते. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पिस्तुलावर क्रमाने वाढत जाणारा अंक ठोकलेला असतो, आणि कोणत्या वर्षी कोणत्या अंकापर्यंत मजल गेली याची नोंदवही अनेक कारखान्यांनी जपलेली असते. आमच्यासारख्या सरकारी नोकराला ही पद्धत चटकन उमगते. कचेरीतील आवक-जावक बारनिशीहून ती फारशी वेगळी नाही. मात्र तेथेही एक सावधगिरी ठेवावी लागते. शस्त्रावरचा प्रत्येक अंक कारखान्याचाच असतो असे नाही. पलटणीच्या कोठीत ते कोणत्या खणात ठेवावयाचे, एवढेच सांगणारा अंकही त्यावर असू शकतो.

आपल्याकडील अठराव्या शतकातील शस्त्रांना अशी बारनिशी नाही. त्यांच्यावर पुष्कळदा प्रत्यक्ष सनच कोरलेला असतो. मग अडचण कसली? अडचण अशी की, हा सन कोणत्या गणनेतला, हे शस्त्र स्वतः सांगत नाही.

आपल्या शहराचेच उदाहरण घेऊ. लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने बंगळूरचा किल्ला २१ मार्च १७९१ रोजी घेतला. त्या वेळी परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या वेढ्यात गुंतले होते. आपल्या पंचांगाप्रमाणे तेव्हा शके १७१२, साधारण नाम संवत्सर चालू होते. पेशव्यांच्या दप्तरात सुहूर सन ११९१, म्हणजे ‘इहिदे तिसैन मया व अलफ’ लिहीत होते. हिजरी सन १२०५ होता. आणि किल्ल्याच्या आत टिपू सुलतानाच्या कारभारात मौलूदी सन १२१८ चालू होता. दिवस एक आणि सन पाच! यांपैकी कोणताही आकडा एखाद्या नळीवर सुटा आढळला, तर केवळ गणिताच्या बळावर त्याचा काळ कसा ठरणार?

टिपू सुलतानाची शस्त्रे हा या विद्येतील सर्वांत रंजक आणि सर्वांत फसवा प्रांत होय. त्याच्या कारखान्यांत चकमकीच्या बंदुका आणि पिस्तुले युरोपीय धर्तीवर, पण येथील कारागिरांच्या हातून बनत. पट्टण म्हणजे श्रीरंगपट्टण, बंगळूर आणि नगर म्हणजे पूर्वीचे बिदनूर, ही ठाणी त्यासाठी प्रसिद्ध होती. कळेच्या पट्टीवर किंवा नळीवर ठाण्याचे नाव, सन आणि उत्तम प्रतीच्या शस्त्रावर कारागिराचेही नाव येते. सय्यद मासूम हे अशा नामांकित कारागिरांपैकी एक. व्याघ्राच्या अंगावरील पट्ट्यांची नक्षी, ज्याला ‘बबरी’ म्हणतात, ही तर या दरबाराची मुद्राच होती.

आता सन पाहू. टिपू १७८२ च्या डिसेंबरात गादीवर आला, तेव्हा हिजरी ११९७ हे वर्ष नुकतेच लागले होते. आरंभीची काही वर्षे हिजरी सनच चालला. पुढे १७८७ च्या सुमारास त्याने पैगंबरांच्या जन्मापासून मोजलेला मौलूदी सन सुरू केला. त्याचे पहिले वर्ष १२१५ धरले गेले. ही गणना हिजरीप्रमाणे निव्वळ चांद्र नव्हती. आपल्या पंचांगाप्रमाणे ती चांद्र-सौर होती, तिच्यात साठ संवत्सरांचे चक्रही होते आणि वर्ष वसंतात पालटत असे. म्हणून मौलूदी सनात ५७२ मिळविले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो मिळतो. १२२२ म्हणजे १७९४-९५.

याहूनही चमत्कारिक गोष्ट म्हणजे अंकांची मांडणी. अरबी-फारसी लिपी उजवीकडून डावीकडे जाते, तरी तिच्यातील अंक आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे लिहितात. टिपूने मौलूदी सनाबरोबर अंकही उजवीकडून लिहिण्याची प्रथा पाडली. त्यामुळे १२१५ हे वर्ष आपल्या डोळ्यांना ५१२१ असे दिसते. त्याच्या नाण्यांवर ही तऱ्हा स्पष्ट पाहावयास मिळते. फक्त १२२१ हे वर्ष असे की, कोणत्याही बाजूने वाचा, ते तेच राहते.

येथे दोन ढोबळ कसोट्या हाती लागतात. पहिली अशी : टिपूच्या कारकिर्दीत ११९७ पासून सुमारे १२०१ पर्यंतचे आकडे हिजरी आणि १२१५ पासून पुढचे मौलूदी. मधल्या १२०२ ते १२१४ या आकड्यांना तेथे जागाच नाही; तसा सन कोरलेले ‘टिपूचे’ पिस्तूल समोर आले, तर प्रथम शंका घ्यावी. दुसरी अशी : १२२२ हा आकडा कोणी हिजरी समजून वाचला, तर इसवी सन १८०७ निघतो आणि टिपू तर ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या तटाशी पडलेला. म्हणजे अस्सल वस्तू केवळ वाचनाच्या दोषाने बनावट ठरावयाची!

आणखी एक गंमत सांगतो. टिपूच्या पिस्तुलांच्या काही जोड्या अशा आहेत की, एकाची कळ उजव्या अंगास तर दुसऱ्याची डाव्या अंगास आहे. जणू आरशातले प्रतिबिंबच. जोडी फुटली आणि डाव्या कळेचे पिस्तूल एकटे उरले, तर अजाण माणूस ते विद्रूप समजून टाकून देईल. तात्पर्य, सन, ठाणे, कारागीर, मुद्रा आणि घडण या पाचांची साक्ष एकमेकींशी जुळली, तरच निर्णय द्यावा.

कंपनी सरकारच्या बंदुका त्या मानाने सरळ. त्यांच्या कळेवर आधी चार भागांत विभागलेल्या हृदयाकृतीत कंपनीची आद्याक्षरे येत. १८०८ च्या सुमारास तिच्या जागी मागच्या पायांवर उभा असलेला सिंह आला. सन नसला तरी एवढ्या चिन्हावरून शतकाचा आरंभ कोणत्या बाजूस, ते कळते.

कोणी म्हणेल, ही विद्या आपल्या काय कामाची? श्रोतेहो, १६३८ नंतर बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली, तेव्हापासून या प्रांतात मराठी कुळे नांदत आहेत. कित्येक घरांत वाडवडिलांची एखादी तलवार, क्वचित एखादी गंजलेली नळी असते. खंडेनवमीला ती बाहेर निघते, चिंच, राख किंवा काचकागद लावून लखलखीत होते आणि मग तिची पूजा होते. भक्ती खरी, परंतु प्रत्येक घासणीबरोबर कळेवरची अक्षरे थोडी थोडी झिजतात. ज्या खुणेवरून शस्त्राचे कूळ सांगता आले असते, तीच पूजेच्या तयारीत नाहीशी होते. दुसरीकडे परदेशच्या बाजारात अशाच खुणांना केवढे मोल! लंडनच्या बॉनहॅम्स या लिलावगृहात २०२३ च्या मे महिन्यात टिपूची एक तलवार १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. जेथे एवढा पैसा, तेथे खोटे आकडे कोरणारे हातही तयार होतात. त्यांना उत्तर देता येते ते न झिजलेल्या अस्सल नमुन्यांच्या आधारानेच.

कायद्याचेही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने बंदुकीवरील नाव, अंक वा ओळखीची खूण पुसणे, बदलणे किंवा खोटी घालणे हा गुन्हा ठरविला आहे. जुनाट घडणीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके शस्त्र दुरुस्त करूनही चालण्याजोगे नसेल, तर त्याला सूट आहे. पण तसे ते आहे की नाही, हे आपण घरी ठरवू नये, अधिकाऱ्यांकडून ठरवून घ्यावे. तसेच १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी माणसाने देशाबाहेर नेणे निषिद्ध आहे.

म्हणून मंडळींना आमची एवढीच विनंती की, येत्या खंडेनवमीला घरातील जुने शस्त्र घासू नका. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा पुसट हात द्या, उजेड तिरपा धरून त्यावरील प्रत्येक खुणेचे छायाचित्र घ्या आणि घरात त्याची जी हकीकत चालत आली असेल ती वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या. लेखाखाली तारीख घालावयास मात्र विसरू नका, आणि ती कोणत्या सनाची हेही लिहा. दोनशे वर्षांनी ती वाचणाऱ्यास तेवढे सोपे जाईल.