वातानुकूलन आणि परवान्याची जबाबदारी

(वार्षिक सर्वसाधारण सभेत विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



आपल्या देणग्यांतून दोन शस्त्रक्रियागृहे व अतिदक्षता विभाग यांच्या वातानुकूलन यंत्रणेचे नूतनीकरण आम्ही हाती घेतले आहे. सर्वांत कमी दराचे दरपत्रक का स्वीकारले नाही, अशी पृच्छा काही देणगीदारांनी केली. ती रास्त आहे. पै-पैचा हिशेब मागण्याचा आपणांस अधिकार आहे.

शस्त्रक्रियागृहातील वातानुकूलन केवळ गारव्यासाठी नसते. एनएबीएचच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार तेथील हवा तासाला किमान 20 वेळा बदलावी लागते, ती हेपा गाळणीतून यावी लागते आणि आतील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक राखावा लागतो. तसे झाले, तरच दार उघडताना बाहेरील धूळ व जंतू आत शिरत नाहीत.

कॅलिफोर्निया राज्यात या व्यवसायासाठी ‘सी-20’ नावाचा स्वतंत्र परवाना लागतो व त्यासाठी चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. आपल्याकडे कामाच्या प्रत्येक अंगाची पात्रता स्वतंत्रपणे तपासावी लागते. विजेच्या जोडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावयाचे असते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 अन्वये अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाप्राप्त अभिकरणाचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते. शीतक वायूचीही बाब आहे. आर-32 सारखे नवे वायू काही अंशी ज्वलनशील असल्याने ते हाताळण्यास प्रशिक्षित तंत्रज्ञच हवा.

या अटी कागदोपत्री वाटतात. परंतु त्यांमागे जीव गेले आहेत. 9 डिसेंबर 2011 रोजी कोलकात्यातील एका रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. तिचा धूर वातानुकूलनाच्या डक्टमधून वरच्या मजल्यांवर पोहोचला आणि सुमारे 90 जण प्राणास मुकले. त्यांत बहुतांश रुग्ण होते. अंथरुणास खिळलेला रुग्ण धावू शकत नाही. म्हणून डक्ट जेथे भिंत वा मजला ओलांडते, तेथे आग व धूर अडविणारे डॅम्पर योग्य रीतीने बसणे अत्यावश्यक ठरते.

सर्वांत कमी दर देणाऱ्या ठेकेदाराकडे स्वतःचा विद्युत परवाना नव्हता. अन्य परवानाधारकाची सही आणून देण्याची त्याची तयारी होती. काम एकाचे आणि सही दुसऱ्याची, ही व्यवस्था आम्हांस मान्य होण्यासारखी नव्हती. उद्या दुर्घटना घडली, तर त्या सहीने कोणाचाही जीव परत येणार नाही.

या निर्णयाची किंमत आहे, हे आम्ही लपवीत नाही. उपलब्ध निधीत यंदा अतिदक्षता विभाग व एकच शस्त्रक्रियागृह पूर्ण होईल. दुसऱ्याचे काम पुढील वर्षावर गेले असून तोवर तेथील शस्त्रक्रिया पहिल्या शस्त्रक्रियागृहात होतील. त्यामुळे काही रुग्णांना तारखेसाठी अधिक दिवस थांबावे लागेल, याची आम्हांस खंत आहे.

निवडलेल्या ठेकेदाराचे परवाने, पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र व चाचण्यांचे अहवाल कार्यालयात पाहावयास ठेवले आहेत. आपण ते अवश्य पाहावेत, शंका विचाराव्यात आणि उर्वरित कामासही आपला उदार हात पुढे करावा, ही नम्र विनंती.