बोटाखालचें शुद्धलेखन

आपल्या कोल्हापूरच्या शाहू मिलमध्यें ‘सूत’ निघत असे. त्यांतील उकार ऱ्हस्व केला, कीं ‘सुत’ म्हणजे मुलगा होतो! डोळस विद्यार्थी हा भेद पाहून शिकतो. अंध विद्यार्थ्यानें काय करावें? बोलका संगणक धडा वाचून दाखवितो, मुलें त्यांत रमतातही. परंतु कानाला दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच. १९५१ सालच्या भारती ब्रेलमध्यें मात्र ऱ्हस्व उकाराला तीन बिंदु, दीर्घाला चार. संगणकास जोडलेल्या ब्रेलपट्टीवर ते टांचणीच्या टोकांसारखे वर येतात आणि चूक बोटास कळते. ही पट्टी महाग पडते खरी. ती येईपर्यंत शाळेनें ब्रेलची पाटी व टोचणी कपाटांत ठेवून देऊं नये, एवढेंच मला आग्रहानें सांगावयाचें आहे.