तेल-वायू वाहिन्यांचे नियमन आणि स्थानिक स्वराज्य संस्था

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

शेताच्या बांधावर किंवा रस्त्याच्या कडेला एखादा रंगीत खुणेचा खांब उभा असतो. त्यावर 'येथे खोदू नये' अशी सूचना आणि एक दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असतो. येणारा-जाणारा त्याकडे क्वचितच पाहतो. त्या खांबाखाली साधारण एक मीटर खोलीवर उच्च दाबाने नैसर्गिक वायू किंवा खनिज तेल वाहत असते. देशातील नैसर्गिक वायूच्या मुख्य वाहिन्यांचे जाळे आज सुमारे २५ हजार किलोमीटरच्या घरात पोहोचले आहे. तेलवाहिन्यांचे जाळे त्याहून वेगळे. ही वाहिनी कोणाच्या परवानगीने टाकली जाते, तिच्यावर देखरेख कोणाची आणि दुर्घटना घडल्यास प्रथम धावून कोण जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे तीन वेगवेगळ्या दिशांना जातात. प्रस्तुत विषयाचे मर्म तेथेच आहे.

घटनात्मक चौकट

सातव्या अनुसूचीतील संघ सूचीच्या ५३ व्या नोंदीनुसार तेलक्षेत्रे, खनिज तेल संपत्ती, पेट्रोलियम व पेट्रोलियमजन्य पदार्थ हे विषय केंद्राकडे आहेत. राज्य सूचीच्या २५ व्या नोंदीत मात्र 'गॅस व गॅस कारखाने' असा उल्लेख आहे. मग नैसर्गिक वायू कोणाचा? गुजरातने २००१ मध्ये वायूचे पारेषण, पुरवठा व वितरण यांचे नियमन करणारा स्वतःचा कायदा केला, तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला. राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ अन्वये सर्वोच्च न्यायालयाचे मत मागविले. घटनापीठाने मार्च २००४ मध्ये स्पष्ट केले की, द्रवीभूत स्वरूपासह नैसर्गिक वायू हा संघ सूचीचाच विषय आहे आणि राज्यास त्यावर कायदा करण्याची क्षमता नाही. परीक्षेच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहेच. परंतु त्यानंतरच्या सर्व रचनेचा पायाही तोच आहे. २००६ चा पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ अधिनियम, १ ऑक्टोबर २००७ रोजी अस्तित्वात आलेले मंडळ, त्याची तांत्रिक व सुरक्षा मानके, वाहतूक दर, शहर गॅस वितरणाचे परवाने, हे सारे केंद्राच्या अधिकारातून आलेले आहे.

स्थानिक संस्थांचे काय? ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यात 'इंधन व चारा' आहे, ग्रामीण विद्युतीकरण आहे, वाहिनी नाही. बाराव्या अनुसूचीच्या १८ विषयांतही ती नाही. मात्र त्याच अनुसूचीत नगर नियोजन, जमिनीच्या वापराचे व इमारत बांधकामाचे नियमन, रस्ते व पूल आणि अग्निशमन सेवा आहेत. थोडक्यात, नळ केंद्राचा. पण नळावरचा रस्ता, नळाशेजारचे घर आणि आगीचा बंब स्थानिक संस्थेचा, अशी ही विभागणी आहे.

१९६२ चा कायदा

आसाममधील नहरकटियापासून बिहारमधील बरौनीपर्यंत ११५७ किलोमीटरची खनिज तेलवाहिनी टाकण्याचे काम साठच्या दशकाच्या आरंभी चालू होते. त्याच काळात, १९६२ मध्ये, पेट्रोलियम वाहिन्यांसाठी जमिनीच्या वापराचा हक्क संपादन करण्याचा कायदा संमत झाला. त्याची कल्पना साधी आणि त्या काळाच्या मानाने चतुर होती. शेकडो मैल लांबीची जमीन विकत घेण्याऐवजी मालकी शेतकऱ्याकडेच ठेवायची आणि केवळ वापराचा हक्क घ्यायचा. अधिसूचना निघाल्यावर २१ दिवसांत हरकत घेता येते. सक्षम प्राधिकारी ती ऐकतो. निवासी जमिनीखालून, पक्क्या बांधकामाखालून वा घरालगतच्या आवारातून वाहिनी नेता येत नाही. ती एक मीटरपेक्षा कमी खोलीवरही टाकता येत नाही. वाहिनी टाकल्यावर शेतकरी पूर्वीप्रमाणे पीक घेऊ शकतो. परंतु त्या पट्ट्यात इमारत, विहीर, तळे बांधता येत नाही व झाडही लावता येत नाही. मोबदला म्हणून प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई आणि त्याखेरीज जमिनीच्या बाजारमूल्याच्या दहा टक्के रक्कम मिळते. भरपाई मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशाकडे दाद मागता येते.

या प्रक्रियेत सरपंच कोठे आहे? कोठेच नाही. हरकत व्यक्तिशः जमीनधारकाची असते, गावाची नसते. अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याने भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय आवश्यक केला. पण वापराचा हक्क घेणे म्हणजे भूसंपादन होय काय, हा वादाचा मुद्दा राहतो. वनजमिनीबाबत पर्यावरण मंत्रालयाने ५ फेब्रुवारी २०१३ च्या पत्राने रस्ते, कालवे, वाहिन्या यांसारख्या रेषीय प्रकल्पांना, आदिम जमातींच्या मान्य हक्कांना बाधा येत नसेल तर, ग्रामसभेच्या संमतीच्या अटीतून सूट दिली.

आता दहा टक्क्यांचा हिशेब पाहू. एक एकराचे चौरस शेत घेतले तर त्याची बाजू सुमारे ६३ मीटर भरते. त्याच्या मधोमध २० मीटर रुंदीचा पट्टा गेला की जवळजवळ एक तृतीयांश क्षेत्र निर्बंधाखाली येते आणि दोन्ही बाजूंना एकवीस-बावीस मीटरच्या पट्ट्या उरतात. दहा टक्के मिळतात ते त्या एक तृतीयांशावर, म्हणजे संपूर्ण शेताच्या किमतीच्या साधारण तीन टक्के. भात किंवा ज्वारी पिकविणाऱ्यास हा व्यवहार कदाचित चालेल. नारळ, आंबा, सुपारी यांवर जगणाऱ्यास तो कायमचा तोटा आहे. कारण तोडलेल्या झाडांची भरपाई मिळाली तरी त्या जागी पुन्हा झाड लावता येत नाही. शिवाय शहर जवळ येईल तसे जमिनीचे मोल वाढते, भरपाई मात्र अधिसूचनेच्या दिवसाच्या भावाशी जखडलेली राहते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत १९६२ चा कायदा समाविष्ट आहे आणि ऑगस्ट २०१५ च्या आदेशाने भरपाईच्या नव्या तरतुदी त्या अनुसूचीतील कायद्यांना लागू करण्यात आल्या. तरीही मालकी न घेता मूल्य घटविण्याची किंमत किती, हा मूळ प्रश्न अर्थशास्त्रीयदृष्ट्या अनुत्तरितच राहिला.

कोची-कूट्टनाड-बंगळूरु-मंगळूरु वाहिनीचा इतिहास या प्रश्नाचे राजकीय रूप दाखवितो. तामिळनाडूतील कोईमतूर, तिरुप्पूर, ईरोडसह सात जिल्ह्यांतून ती सुमारे ३१० किलोमीटर जाणार होती. शेतकऱ्यांच्या विरोधानंतर राज्यशासनाने २०१३ मध्ये ती महामार्गांच्या कडेने न्यावी, असा निर्देश 'गेल'ला दिला. मद्रास उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो रद्द ठरविला आणि २ फेब्रुवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही राज्याची याचिका फेटाळली. कायद्याची बाजू निर्विवाद होती, पण त्याने काम वेगाने पुढे सरकले असे नाही. केरळातही २०१७ मध्ये कोझिकोड जिल्ह्यातील मुक्कम येथे उग्र आंदोलन झाले. तेथे राज्याने भरपाई वाढविण्याचा मार्ग पत्करला आणि कोची-मंगळूरु हा ४५० किलोमीटरचा टप्पा ५ जानेवारी २०२१ रोजी राष्ट्रार्पण झाला. न्यायालयात जिंकलेल्या अधिकारापेक्षा गावात मिळविलेली संमती स्वस्त पडते, हे कोणत्याही प्रकल्प अहवालात लिहिलेले नसते.

वीस मीटर आणि चारशे मीटर

कायद्याने निर्बंध येतात ते वीस मीटरच्या आसपासच्या पट्ट्यावर. उच्च दाबाची वायुवाहिनी फुटल्यास ज्वाळा त्या पट्ट्यात थांबत नाहीत. म्हणूनच अभियांत्रिकी मानके वाहिनीच्या दोन्ही बाजूंना दोनशे-दोनशे मीटर, म्हणजे चारशे मीटरचा पट्टा विचारात घेतात. त्यात दर १.६ किलोमीटर लांबीला किती घरे आहेत यावरून वाहिनीचा वर्ग ठरतो: दहापर्यंत घरे असल्यास पहिला वर्ग, ४५ पर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा आणि बहुमजली वस्ती असल्यास चौथा. वर्ग चढतो तसा नळ अधिक जाड हवा किंवा वायूचा दाब कमी हवा.

वाहिनी टाकली तेव्हा आजूबाजूला माळरान होते. पंधरा वर्षांनी तेथे अकृषिक परवानगी घेऊन भूखंड पाडले गेले. नळ तोच, दाब तोच. वर्ग मात्र बदलला. वीस मीटरच्या बाहेरच्या जमिनीवर वाहिनी कंपनीला काहीही अधिकार नाही. नियामक मंडळ कंपनीला आदेश देऊ शकते, भूखंडधारकाला नाही. त्या उरलेल्या पट्ट्यात घर होऊ द्यायचे की नाही, हे ठरविणारी यंत्रणा म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा नियोजन प्राधिकरण. वाहिन्यांच्या सुरक्षिततेतील सर्वांत मोठी पोकळी भरून काढण्याची शक्ती ज्या संस्थेकडे आहे, तिचा या कायद्यात उल्लेखही नाही. इमारत नियमावलींत विजेच्या तारांपासून किती अंतर सोडावे याचे कोष्टक सापडते, कारण तार दिसते. जमिनीखालच्या नळाबाबत ही सवय अद्याप रुळलेली नाही.

आंध्र प्रदेशातील नगरम येथे २७ जून २०१४ रोजी पहाटे वायुवाहिनी फुटून वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. घरे व नारळीची झाडे जळून गेली. कोरड्या वायूसाठी आखलेल्या वाहिनीतून ओलसर वायू वाहिल्याने नळ आतून गंजला, असे चौकशीत दिसून आले. आतला गंज ग्रामपंचायत शोधू शकत नाही, हे उघड आहे. दुसरे उदाहरण अमेरिकेतील बेलिंगहॅम शहराचे. तेथे १० जून १९९९ रोजी पेट्रोलवाहिनी फुटून तीन मुले दगावली. त्या वाहिनीला इजा झाली होती ती काही वर्षांपूर्वी, शहराच्याच जलशुद्धीकरण केंद्राच्या खोदकामात. अमेरिकेतही वाहिन्यांच्या सुरक्षा मानकांवर स्थानिक शासनाला अधिकार नाही; जमिनीच्या वापरावर आहे. त्याच आधारे २०१० मध्ये तेथील संघशासन, उद्योग व स्थानिक संस्था यांनी एकत्रित शिफारशी केल्या. त्यांचे सूत्र असे: वाहिनीलगत 'सल्ला क्षेत्र' आखावे आणि त्यात बांधकामाचा अर्ज आला की, परवानगीपूर्वी वाहिनी कंपनीचे म्हणणे घ्यावे. नकार देणे बंधनकारक नाही. विचारणे बंधनकारक आहे.

शहरातील चर

शहर गॅस वितरणात चित्र उलटे दिसते. बाराव्या निविदा फेरीनंतर अधिकृत भौगोलिक क्षेत्रांची संख्या तीनशेवर गेली. परवाना केंद्रीय मंडळाचा असला तरी प्रत्येक गल्लीतील खोदाईची परवानगी महापालिकेची. मुंबईसारख्या शहरात पावसाळ्यात खोदाई सहसा थांबते, म्हणजे वर्षातील चारएक महिने हातचे जातात. रस्ता खोदाईचे शुल्क आणि अनामत प्रत्येक पालिकेत निराळे. शुल्क चर बुजविण्याच्या खर्चापेक्षा बरेच अधिक असेल, तर तो स्वयंपाकघरातील गॅसवर लपून बसलेला कर ठरतो. कमी असेल तर खड्ड्यांच्या रूपाने तोच खर्च नागरिक सोसतात. पूर्ववत करण्याच्या खर्चाइतके शुल्क व ठरलेल्या मुदतीत निर्णय, एवढे झाले तरी बहुतेक तक्रारी मिटाव्यात. दूरसंचार विभागाने मार्च २०२३ मध्ये खोदण्यापूर्वी सूचना देण्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' हे उपयोजन सुरू केले. जेसीबीवाल्या ठेकेदाराने ते उघडले पाहिजे, ही अट कामाच्या आदेशात पालिकाच घालू शकते.

आपत्कालीन नियोजनासाठी नियामक मंडळाची २०१० ची विनियमने आहेत आणि वाहिनीबाहेरील आराखड्याची सूत्रे जिल्हा प्रशासनाकडे असतात. तो आराखडा ग्रामपंचायतीच्या दप्तरी, मराठीत किंवा त्या गावच्या भाषेत, असतो का, हा प्रश्न कोणत्याही जिल्ह्यात विचारण्याजोगा आहे.

सल्ला क्षेत्राची तरतूद करण्यासाठी १९६२ चा कायदा बदलावा लागत नाही. जमीन व स्थानिक शासन हे राज्य सूचीतील विषय आहेत. नगररचना कायद्याखालील नियमावलीत एक कलम घालून राज्यांना ती करता येते. आधीच उभ्या राहिलेल्या वस्त्यांचा प्रश्न मात्र त्याने सुटणार नाही. तेथे दाब कमी करणे, अधिक जाड नळ बसविणे किंवा वाहिनी वळविणे हेच मार्ग उरतात आणि त्यांचा खर्च वाहतूक दरातून अखेर वायूच्या ग्राहकाकडेच येतो.