कोकणात जमीन घ्यावी काय?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी हा विषय सुचविला तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी मॅट्रिक झालेला, आयुष्यभर प्राथमिक शाळेत गणित शिकविणारा मनुष्य. जमिनीच्या कायद्यावर बोलण्याचा अधिकार वकिलांचा. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, आपण जमीन घेऊन अडचणीत आलात आणि त्यातून बाहेरही पडलात, तेवढेच सांगा." तेवढेच सांगतो.

मुंबई-पुण्याकडील आपल्या पुष्कळ कुटुंबांना अलीकडे गावाकडे थोडी जमीन असावी असे वाटू लागले आहे. ही इच्छा हसण्यावारी नेण्याजोगी नाही. ज्यांच्या आजोबांनी पोटासाठी गाव सोडले त्यांच्या नातवंडांना गावाची ओढ वाटावी, ही समाधानाचीच गोष्ट होय. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आतल्या बाजूच्या वरकस जमिनी शहराच्या मानाने अद्यापि अल्प किमतीत मिळतात, हेही खरे. कोकण रेल्वे 1998 साली संपूर्ण सुरू झाल्यापासून येणेजाणेही सुकर झाले आहे. परंतु अमुक जमीन स्वस्त का, हा प्रश्न घेणारा क्वचितच विचारतो. मीही विचारला नव्हता.

2018 साली मी निवृत्त झालो आणि भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून दक्षिण रत्नागिरीत सव्वा एकर वरकस घेतली. भाव रस्त्यालगतच्या जमिनीच्या निम्मा. वडिलोपार्जित सातबारावर माझे नाव असल्याने शेतकरी म्हणून मला ती घेता आली. ज्यांचे असे नाव नाही, त्यांना 1948 च्या कुळकायद्याच्या 63 व्या कलमाप्रमाणे परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. दलाल म्हणतो, "ते आम्ही बघतो." बघतो म्हणजे काय करतो, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे, बहुधा तो देणार नाही.

माझ्या जमिनीची वाट शेजाऱ्याच्या काजूच्या बागेतून होती. खरेदीच्या दिवशी त्याने आम्हां उभयतांना ओटीवर बसवून ताक पाजले. पुढच्या वर्षी आंब्याच्या कलमांसाठी खड्डे खणण्याचे यंत्र मी आणले, तेव्हा मात्र त्याने ते बागेत शिरू दिले नाही आणि महिन्याभरात जांभ्या दगडाचा गडगा घालून गाडीवाट बंद केली. मला फार संताप आला. परंतु शांतपणे कागद पाहिले, तर त्या वाटेची नोंद नकाशात नव्हती आणि सातबारावरही नव्हती. इतकी वर्षे माणसे जात होती ती त्याच्या सौजन्याने, आणि माझ्या यंत्राखाली झाडे जाणार होती ती त्याची. माझी सौभाग्यवती म्हणाली, "सगळे हिशेब मांडलेत, वाट तेवढी राहिली."

1966 च्या महसूल संहितेच्या 143 व्या कलमाखाली तहसीलदारांकडे हद्दीवरून रस्ता मागता येतो. मी अर्ज केला. तारखांवर तारखा पडू लागल्या. इकडे एकरी चाळीस या हिशेबाने हाताने खणून पन्नास कलमे लावली होती. कोकणात पाऊस उदंड, परंतु जांभ्यात पाणी ठरत नाही. वैशाखात विहिरी तळ गाठतात. पाण्याची गाडी आत जाईना. एकोणीस कलमे डोळ्यांदेखत वाळली. अखेर 2021 साली सौभाग्यवतीने शेजाऱ्याच्या आईकडे जाऊन बोलणे काढले. बांधाकडेने बारा फूट वाटेचा हक्क आम्ही रीतसर मोबदला देऊन नोंदणीकृत दस्ताने घेतला आणि त्याची बाग राखण्यासाठी गडगा माझ्या खर्चाने घातला. सर्व बेरीज केली तेव्हा माझी जमीन रस्त्यालगतच्या जमिनीइतक्याच भावात पडली होती!

असो. हे माझ्या उतावळेपणाचे झाले. कागदांची गोष्ट याहून बिकट आहे. सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. म्हणून जुने फेरफार काढावेत, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यावा आणि शासकीय मोजणी होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचे नाव, बोजा किंवा 1975 च्या खाजगी वनांच्या कायद्याची नोंद आढळली, तर तेथेच थांबून सल्ला घ्यावा. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर 43 व्या कलमाचे बंधन असते, तेही पाहावे. मोठ्या शेताचे पाच-पाच गुंठे पाडून जाहिरातीने विकतात, त्यांत पुष्कळदा तुकडेबंदीमुळे स्वतंत्र उतारा होतच नाही. दहा अनोळखी माणसांबरोबर आपले नाव सामाईकात चढते. भावाभावांत सामाईक टिकत नाही, तेथे अनोळखी माणसांत काय टिकणार?

आणखी एक गोष्ट आपल्याच घरांतली आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. आपल्यातील एका गृहस्थांनी दोन भावांकडून जमीन घेतली. वर्षभरात त्या भावांची मुंबईची बहीण न्यायालयात गेली. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे. ती बहीण लोभी आहे असे गावात बोलले गेले. मला तसे वाटत नाही. भाऊबीजेला साडी देऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेण्याची रीत मला कधीच रुचली नाही. घेणाऱ्याने बहिणींना स्वतः भेटावे, त्यांचा वाटा त्यांच्या हाती पडतो की नाही ते पाहावे आणि मगच सही घ्यावी.

उत्पन्नाच्या आशेने घेणाऱ्यांसाठी थोडेसे. कलम पाच-सहा वर्षांनी धरू लागते, आणि हापूस एक वर्षाआड रुसतो. राखण, गवत काढणे, वणव्याची भीती, वानरे, रानडुकरे यांचा खर्च दरसालचा. तातडीने पैसा लागला तर गिऱ्हाईक मिळत नाही. मुलीचे लग्न वा आजारपण यांसाठी राखून ठेवलेला पैसा जमिनीत घालू नये, असे माझे मत आहे. ज्याला वर्षातून तीन-चार महिने तेथे राहावयाचे आहे, त्याने अवश्य घ्यावी.

मी राहतो. गेल्या हंगामात पहिले आंबे आले, मोजून सत्तावीस. नऊ वानरांनी नेले, पाच शेजाऱ्याच्या आईला दिले.

ज्यांचा व्यवहार ठरत आला असेल त्यांनी सातबारा आणि नकाशा घेऊन रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात यावे. मी दहा वाजेपर्यंत तेथे असतो.