वहिवाट हा उपकार नव्हे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



खेड्यातील तंटे सोडविण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना वहिवाटीचा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याचे शेत आत आहे, त्याला दुसऱ्याच्या बांधावरून जावे लागते. वाटेवरच्या शेताचा धनी मनास येईल तेव्हा काटेरी फांदी आडवी टाकू लागला, तर आतल्या शेतकऱ्याचे पीक उभ्या उभ्या वाया जाते. म्हणूनच कायद्याने वहिवाट हा हक्क मानला, बड्या बागाइतदाराचा उपकार मानला नाही. भारत आणि त्याचे शेजारी यांच्या सहकार्याचा विचार मी आज याच दृष्टीने करणार आहे.

दक्षिण आशियाई देशांची ‘सार्क’ ही संघटना ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाका येथे स्थापन झाली. मुक्त व्यापाराचा करार २००४ मध्ये झाला व २००६ मध्ये अमलात आला. असे असूनही, जागतिक बँकेने २०१८ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, या देशांचा आपापसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के भरतो. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हेच प्रमाण २२ टक्के आहे. २०१४ च्या काठमांडू बैठकीनंतर सार्कची शिखर परिषद भरलेली नाही. २०१६ ची इस्लामाबाद परिषद उरीच्या हल्ल्यानंतर बारगळली.

या अपयशाचे सारे खापर भारत-पाक वैरावर फोडण्याची आपल्याकडे रीत आहे. दहशतवादाचे संकट खरे आहे आणि ते नाकारण्यात काही अर्थ नाही. परंतु नेपाळ, भूतान, बांगलादेश यांच्याशी व्यवहार करताना पाकिस्तान कोठे आडवा येतो? प्रश्नाचे मूळ भूगोलात आहे. या तिघांपैकी कोणत्याही दोन देशांची सीमा एकमेकांस भिडत नाही. मध्ये भारत आहे. सार्कमधील सुमारे तीनचतुर्थांश लोकसंख्याही भारताचीच आहे. तेव्हा वाट आपल्या शेतातून जाते, आणि ती उघडी ठेवणे वा बंद करणे आपल्या हाती आहे.

हे सामर्थ्य आपण कसे वापरले? १९८९ च्या मार्चमध्ये नेपाळबरोबरचे व्यापार व पारवहन करार संपुष्टात आले, आणि भारताने बहुतेक सीमानाके बंद केले. २०१५ मध्ये नेपाळच्या नव्या संविधानानंतर पुन्हा नाक्यांवर मालमोटारी अडकल्या. तराईतील आंदोलनामुळे हे घडले, असे भारत सरकार सांगत राहिले. चुलीसाठी गॅस न मिळालेल्या नेपाळी कुटुंबांना ते पटले नाही. परिणाम काय झाला? मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी पारवहनाचा करार केला. हिमालय ओलांडून जाणारी ती वाट लांबची आणि खर्चाची आहे. जवळची वाट बेभरवशाची ठरली, म्हणूनच तिची गरज भासली.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. भारतीय कांद्याचा मोठा गिऱ्हाईक बांगलादेश. २०१९ आणि २०२० च्या सप्टेंबरात, आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये, दिल्लीने निर्यातबंदीचा हुकूम काढला. डिसेंबर २०२३ मध्ये लासलगावचे लिलाव कोसळले आणि ढाक्याच्या बाजारात भाव कडाडले. म्हणजे एकाच हुकमाने नाशिकचा शेतकरी आणि ढाक्याचा मजूर असे दोघेही नागवले गेले. पुढे बांगलादेशाने तुर्कस्तान, इजिप्त, चीन येथून कांदा मागविला. एकदा तुटलेले गिऱ्हाईक बंदी उठली म्हणून दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभे राहत नाही. राष्ट्रहिताच्या नावाखाली घेतलेल्या निर्णयात नेमके कोणाचे हित साधते, हा प्रश्न समाजवाद्याने अशा वेळी विचारलाच पाहिजे.

याउलट जेथे आपण स्वतःला नियमाने बांधून घेतले, तेथे सर्वांचेच भले झाले. बांगलादेशाशी सीमा ठरविण्याचा करार १९७४ चा. तो अमलात यावयास ३१ जुलै २०१५ उजाडले. भारताने १११ वस्त्या दिल्या आणि ५१ घेतल्या. जमिनीचा हिशेब केला तर दिले अधिक, मिळाले कमी. परंतु कोणत्याच देशाचे पूर्ण नागरिक नसलेल्या पन्नास हजारांवर माणसांना त्यामुळे देश मिळाला. भूतानमधील ३३६ मेगावॅटचा चुखा प्रकल्प भारताने ६० टक्के अनुदान व ४० टक्के कर्ज देऊन उभारला. त्याची वीज आपल्याला मिळाली, भूतानच्या तिजोरीला उत्पन्न मिळाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेल्या करारान्वये नेपाळची ४० मेगावॅट वीज भारतीय तारांवरून बांगलादेशास देण्याचे ठरले. वीज थोडी आहे, पण वहिवाट मान्य झाली, हे महत्त्वाचे.

काही मित्र म्हणतील, चीन दाराशी आलेला असताना ही उदारता कशासाठी? चीनचे कर्ज म्हणजे दानधर्म नव्हे, हे हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देणाऱ्या श्रीलंकेला चांगले ठाऊक आहे. पण चीनशी पैशांची स्पर्धा करून आपण जिंकणार नाही. आपल्याजवळ जी जवळीक आहे, ती त्याच्याजवळ नाही. मात्र जवळीक धाकाची झाली की शेजारी दूरचा सावकार गाठतो.

इंद्रकुमार गुजराल यांनी १९९६ मध्ये, लहान शेजाऱ्यांना देताना परतफेडीची अट घालू नये, असे सूत्र मांडले. त्या सूत्राचा मी आदर करतो. परंतु तेवढ्याने भागणार नाही. औदार्य मंत्र्यागणिक बदलते. नियम बदलावयाचा तर चर्चा करावी लागते. म्हणून आपली मागणी नेमकी असावी: पूर्वसूचनेवाचून निर्यातबंदी नको, सीमानाके राजकीय दबावासाठी बंद होऊ नयेत, तंटा झाल्यास त्याचा निवाडा दोन्ही देशांना मान्य अशा लवादाकडे जावा.

डॉ. लोहियांनी भारत-पाक महासंघाचे स्वप्न आग्रहाने मांडले होते. ते आज फार दूरचे वाटते. पण महासंघाची वाट सुद्धा बांधावरूनच जाते. त्या बांधावरची काटेरी फांदी उचलण्याचे काम, मित्रहो, ज्याचे शेत मोठे त्याचे आहे.