सातारच्या गादीचे अखेरचे वारस
(अंधेरी येथे दिलेले व्याख्यान)

आज आपण येथे जमलो आहोत ते बहुतेक सातारा, कऱ्हाड, वाई, कोरेगाव या बाजूकडून पोटाच्या उद्योगासाठी मुंबईकडे आलेले लोक आहोत. कोणाचा आजा गिरणीत होता, कोणाचा बाप गोदीत. आता घरे अंधेरीस झाली, मुले येथल्या शाळांत शिकू लागली, आणि गावाची ओढ जत्रेपुरती उरली. तेव्हा सातारचे राज्य कसे गेले, हे दोन घटका बसून सांगावे, असे आम्हांस वाटले. राज्ये येतात आणि जातात. परंतु हे राज्य लढाईत गेले नाही. ते कागदावर गेले; आणि कागदावर काय काय जाते, हे तुम्हां-आम्हांस ठाऊक असणे फार जरुरीचे आहे.

प्रथम आपल्या पायाखालच्या भूमीविषयी एक शब्द. अंधेरी हे साष्टी बेटावरचे गाव. ही साष्टी १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला घेऊन इंग्रजांनी मराठ्यांकडून हिसकावली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्या पदरात कायमची पडली. म्हणजे साताऱ्यावर युनियन जॅक लागण्याच्या किती तरी आधी तो येथे लागला होता. आपण पुढे साताऱ्याहून येथे आलो. इंग्रज येथून साताऱ्यास गेला.

प्रतापसिंह महाराजांचा जन्म १७९३ चा. १८०८ साली ते गादीवर बसले, पण राज्य मात्र दुसऱ्याच्या हाती. छत्रपती नावाचे धनी, आणि प्रत्यक्षात पेशव्यांच्या पहाऱ्यातले कैदी. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बाजीरावाच्या छावणीतून ते इंग्रजांच्या हाती आले. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. त्यात महाराजांस व त्यांच्या वारसांस हे राज्य निरंतर चालावे, असे कंपनी सरकारने लिहून दिले. मात्र त्याच तहात दुसरेही कलम होते : इंग्रजांच्या परवानगीवाचून परक्या दरबाराशी पत्रव्यवहार करू नये. पहिले कलम महाराजांनी लक्षात ठेवले, दुसरे इंग्रजांनी. पुढचा सारा इतिहास या दोन कलमांत आहे.

१८२२ साली कारभार हाती आला, आणि ज्याला कोंडून ठेवले होते त्या माणसाने राज्य कसे करावे हे दाखवून दिले. महाराज स्वतः दफ्तरात बसत, रोजनिशी ठेवीत. रस्ते केले, पाण्याची सोय केली, पाठशाळा काढल्या, छापखाना आणविला. विद्या ही एका वर्णाची मिरास नाही, हे त्यांनी कृतीने ठरविले. वेदोक्ताच्या तंट्यात त्यांनी आपला क्षत्रियत्वाचा हक्क सोडला नाही आणि प्रभूंनाही पाठबळ दिले. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन, इंग्रजांच्या पदरचे बाळाजीपंत नातू यांच्यासारखी बडी मंडळी त्यामुळे त्यांच्या विरुद्ध गेली. हे आम्ही कोणा जातीवर राग धरून सांगत नाही. महाराजांच्या विरुद्ध साक्षी देणाऱ्यांत नाना जातींचे लोक होते, आणि त्यांच्यासाठी जीव टाकणाऱ्यांतही. घरातली फूट परक्याला दार उघडून देते, एवढेच ध्यानात ठेवावयाचे.

पुढे जहागिरदारांच्या हद्दीवरून मुंबई सरकारशी वाकडे आले. मग १८३६ पासून आरोपांची माळ सुरू झाली. पलटणीतील शिपायांस फितविले, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी कारस्थान केले, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधले, असे तीन मोठे आरोप. राजरोस न्यायासनापुढे उभे राहून साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची संधी महाराजांना शेवटपर्यंत मिळाली नाही.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यास आला. त्याने एक कागद पुढे ठेवला. मागे तह मोडला असे मान्य करावे आणि सही करावी, म्हणजे मागचे सारे माफ आणि गादी कायम. बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबा आणि विचार करा. एक सही! सही केली असती तर राजवाडा, खजिना, हत्ती-घोडे सारे राहिले असते. पण जो गुन्हा केला नाही तो कबूल करणार नाही, राज्य गेले तरी चालेल, असे महाराजांनी ठरविले आणि सही केली नाही. ५ सप्टेंबर १८३९ च्या पहाटे त्यांना वाड्यातून बाहेर काढले. खाजगी मालमत्ताही सरकारने घेतली. मग काशीस रवानगी झाली. आणि तेथेच १४ ऑक्टोबर १८४७ रोजी त्यांचा अंत झाला.

गादीवर इंग्रजांनी धाकटे बंधू शहाजी उर्फ आप्पासाहेब यांना बसविले. तेही ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. आता दोन वारस उरले, दोघेही दत्तक. काशीस थोरल्या महाराजांनी घेतलेले शाहू, आणि साताऱ्यात आप्पासाहेबांनी मरणापूर्वी घेतलेले व्यंकोजी. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे औरस पुत्र नसेल तर दत्तकाला त्याच्याच जागी वारसाहक्क मिळतो. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क, गोरा असूनही, म्हणाला की तहाप्रमाणे राज्य वारसाकडेच गेले पाहिजे. पण लॉर्ड डलहौसीने ठरविले की हे राज्य आम्हीच दिलेले, आमच्या संमतीवाचून घेतलेला दत्तक त्याचा वारस होत नाही. १८४९ साली सातारा खालसा झाला. डलहौसीच्या जाळ्यातले हे पहिले मोठे राज्य. झाशी आणि नागपूर त्याच वाटेने मागून गेले.

या काळात एक माणूस विलायतेत ठाण मांडून बसला होता. रंगो बापूजी गुप्ते! १८४० साली ते धन्याचा दावा घेऊन लंडनास पोहोचले आणि १८५३ च्या अखेरीपर्यंत तेथेच झुंजले. धनी वारला, राज्य खालसा झाले, पैसा संपला, कर्ज झाले. तरी हा म्हातारा दारोदार हिंडत होता. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन यांसारख्या न्यायी इंग्रजांनी त्यांची बाजू घेतली, पण मतांची मोजणी झाली की न्याय हरत असे. प्रबोधनकार ठाकरे यांनी या दोघांवर मोठा ग्रंथ लिहिला आहे. तो प्रत्येकाने वाचावा.

तेरा वर्षे अर्ज करून जो मनुष्य परत येतो, तो पुन्हा अर्ज करील काय? १८५७ साली साताऱ्यात उठावाचा कट झाला. तो फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी सतरा जणांना देहदंड झाला : पाच फासावर, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्यांनी. फासावर गेलेल्यांत रंगो बापूजींचा पुत्र सीताराम होता. बाप मात्र सरकारच्या हाती कधीच लागला नाही. राजघराण्यातील मंडळींना साताऱ्याहून हलवून मुंबई बंदरातील बुचर बेटावर ठेवण्यात आले. शिवछत्रपतींच्या गादीचे वारस, आणि भोवती खारे पाणी!

असाच प्रकार जगाच्या दुसऱ्या टोकाला घडला. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांची राणी लिलिउओकलानी हिला जानेवारी १८९३ मध्ये गोऱ्या मळेवाल्या-व्यापाऱ्यांनी अमेरिकेच्या आरमारी शिपायांच्या छायेत पदच्युत केले. १८९५ साली तिच्या पक्षाचा उठाव फसला, आणि कैदेत तिच्यापुढे राज्यत्यागाचा कागद आला. तिने सही केली. का? आपल्या माणसांचे प्राण वाचावेत म्हणून. तिची वारस भाची कैउलानी १८९९ साली तेविसाव्या वर्षी वारली. आमच्या राजाने सही नाकारली, त्या राणीने सही केली. दोघांचीही राज्ये गेली. तेव्हा भित्रा कोण, शूर कोण, हे सहीवरून ठरवू नका. सही कोणी, कशासाठी आणि कोणाच्या धाकाखाली केली, ते पाहा.

पण तेथे एक गोष्ट झाली, ती आमच्याकडे झाली नाही. १८९७ साली एकवीस हजारांवर हवाईयन लोकांनी, बायाबापड्यांसह, आमचा देश अमेरिकेला जोडू नका, अशा अर्जावर सह्या केल्या. त्यामुळे तो तह तेव्हा अडला. १८९८ साली अमेरिकेने दुसऱ्या वाटेने ती बेटे घेतली, ही गोष्ट खरी. पण १९९३ साली त्याच अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून माफी मागितली, आणि त्या लोकांनी आपला हक्क आपण होऊन कधी सोडला नव्हता, हे मान्य केले. लोकांच्या सह्या शंभर वर्षांनी बोलल्या!

साताऱ्याच्या रयतेला मात्र कोणी विचारले नाही. इंग्रजाने विचारले नाही, हे उघड आहे. पण आपल्या पुढाऱ्यांनी तरी विचारले काय? राज्य राजाचे, हक्क राजाचा, वकील राजाचा; रयत आपली शेत नांगरीत राहिली, कारण वाचता-लिहिता येणारे हात तिच्याजवळ नव्हते. आम्हांस गादी परत नको आहे. लोकांचे राज्य आले, ते योग्यच झाले. पण जी उणीव १८३९ साली होती ती आज तरी भरली आहे काय? चाळीच्या पुनर्विकासाचा कागद येतो, गावच्या सातबाऱ्यावरचे हक्कसोडपत्र येते, बहिणींना बोलावून ‘येथे अंगठा कर’ म्हणतात. आणि आपण न वाचता सही करतो!

सातारच्या राजवाड्यात पुढे शाळा भरू लागली, ती आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेच्या पटावर एका मुलाचे नाव चढले : भिवा. ज्या राजाने सही नाकारली त्याच्या नावाच्या शाळेतला तो मुलगा, पुढे या देशाची घटना लिहिणारा झाला. महाराजांचा खरा वारस कोण, याचा निवाडा डलहौसीला करता आला नाही. तो या पटाने केला, असे आम्ही समजतो.

घारापुरीस जाणाऱ्या लाँचीतून वाटेत एक बेट दिसते. तेथे आता तेलाच्या टाक्या आहेत, आणि नाव जवाहर द्वीप आहे. तेच ते बुचर बेट. पुढच्या खेपेस मुलांना घेऊन जाल तेव्हा ते त्यांना बोटाने दाखवा. आणि घरी आल्यावर त्यांना एवढेच शिकवा : कागद आधी वाचावा, चौघांना दाखवावा, आणि खोटे असेल तर, पुढे कोणीही बसलेला असो, सही करू नये.